फ्रँक ओशनचा नवा अल्बम कधी? वावड्यांची वही कशी ठेवावी

दोनशे पानी, आडव्या रेघांची वही घ्या. नोंदी मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइलमधली ओळ मागाहून बदलली तर कुणाला कळत नाही, वहीतली खाडाखोड मात्र दिसते आणि या कामात ती दिसायलाच हवी.

मी मिरजेतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे नवं पुस्तक आलं की आधी दाखल नोंदवहीत चढतं: तारीख, कुठून आलं, बिल क्रमांक, किंमत, शेरा. त्यानंतरच ते कपाटात जातं. फ्रँक ओशनच्या नव्या अल्बमविषयी जे कानावर येतं, तेही मी याच शिस्तीने चढवते. वर्षाकाठी निदान दोनदा कुणीतरी विद्यार्थी देवघेव काउंटरवर येऊन सांगतो, "मॅडम, या महिन्यात नक्की येतोय!" मी वही उघडते आणि विचारते, "कोणी सांगितलं?" एवढ्या एका प्रश्नावर निम्म्या बातम्या गळून पडतात. ज्या उरतात त्यांच्यावर तास-तास बोलावंसं वाटतं, आणि आम्ही बोलतोही.

ज्यांना हा गायक फारसा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी 2011मध्ये त्याने 'नॉस्टॅल्जिया, अल्ट्रा' हा संग्रह स्वतःच इंटरनेटवर फुकट ठेवला. जुलै 2012मध्ये 'चॅनल ऑरेंज' आला. मग चार वर्षं शांतता. ऑगस्ट 2016मध्ये लागोपाठ दोन दिवसांत 'एंडलेस' आणि 'ब्लोंड' आले. त्यानंतर सुटी गाणी आली, त्याचा रेडिओ कार्यक्रम आला, पण हे लिहीपर्यंत पूर्ण अल्बम आलेला नाही. एवढ्या काळात चाहत्यांनी काय काय अंदाज बांधले असतील! त्यातले काही फार हुशारीचे होते. ते हरवू नयेत, आणि पोकळ कंड्यांनी आपलं डोकं व खिसा रिकामा होऊ नये, यासाठी ही वही.

रकाने

पानावर पाच रकाने आखा. ऐकल्याची तारीख, दावा काय, मूळ कोणी सांगितलं, डोळ्यांनी पाहिलेला पुरावा काय, आणि पुढे काय झालं. पाचवा रकाना कोराच सोडायचा. तो भरायला कधी आठवडा लागेल, कधी तीन वर्षं. घाई करू नका.

तिसऱ्या रकान्यात "इंस्टाग्रामवर वाचलं" असं लिहून भागत नाही. इंस्टाग्राम हे ठिकाण झालं, माणूस नव्हे. खुद्द गायकाने सांगितलं का? त्याच्याबरोबर स्टुडिओत बसलेल्या आणि आपल्या नावाने बोलणाऱ्या माणसाने? नाव न देता 'जवळच्या सूत्रां'वर भिस्त ठेवणाऱ्या वर्तमानपत्राने? की यांपैकी कोणीच नाही? शेवटच्या प्रकारच्या नोंदी मी पेन्सिलने लिहिते. बाकीच्या शाईने.

वर्तमानपत्र मोठं असलं म्हणून नोंद पक्की होत नाही, हेही ध्यानात ठेवा. ऑगस्ट 2016च्या सुरुवातीला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने नाव न सांगितलेल्या माणसाच्या हवाल्याने अल्बम 5 ऑगस्टला येणार असं छापलं. 5 ऑगस्ट आला आणि गेला. अल्बम त्याच महिन्यात आला, पण दोन आठवड्यांनी. माझ्या वहीत या नोंदीपुढे 'खोटी' असं लिहिलेलं नाही. 'महिना बरोबर, दिवस चूक, अल्बम खराच होता' असं लिहिलं आहे. असा शेरा पुढच्या वेळी उपयोगी पडतो.

दाव्याचे तुकडे करा

या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. एक बातमी म्हणजे क्वचितच एक दावा असतो. तिच्यात चार-पाच दावे गुंडाळलेले असतात आणि त्यांचं नशीब वेगवेगळं असतं.

एप्रिल 2015ची टम्बलर या संकेतस्थळावरची त्याची नोंद घ्या. छायाचित्रात तो मासिकांच्या गठ्ठ्यांसोबत बसलेला, आणि खाली मजकूर असा की माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत. सोबत चार हॅशटॅग: पहिला अंक, तिसरा अल्बम, जुलै 2015, आणि 'बॉइज डोन्ट क्राय'. त्या दिवशी जगभरच्या चाहत्यांनी याचा एकच अर्थ लावला: 'बॉइज डोन्ट क्राय' नावाचा अल्बम जुलैत येणार. जुलै कोरडा गेला आणि सगळे म्हणाले, फसवलं.

आता तुकडे करून पाहा. जुलै 2015: चुकलं. पहिला अंक: खरा ठरला, कारण ऑगस्ट 2016मध्ये खरोखरचं जाडजूड मासिक निघालं आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो व लंडन इथल्या तात्पुरत्या दुकानांत वाटलं गेलं. 'बॉइज डोन्ट क्राय': नाव खरं, पण ते अल्बमचं नव्हतं, मासिकाचं होतं. दोन आवृत्त्या: यावर चाहते अजून भांडतात. 'ब्लोंड'ला दोन वेगळी मुखपृष्ठं होती. दुकानांत मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरची गाणी ऑनलाइन अल्बमपेक्षा वेगळी होती. त्यातल्या 'नायकीज'मध्ये कोह या जपानी रॅपरचं कडवं होतं आणि 'मित्सुबिशी सोनी' हे गाणं तर फक्त सीडीवरच होतं. 2015च्या 'दोन आवृत्त्या' याच होत्या का? मला तसं वाटतं, पण माझ्या वाटण्याला पुरावा नाही, म्हणून ती ओळ पेन्सिलीतच आहे.

म्हणजे ज्या नोंदीला लोकांनी फसवणूक म्हटलं, तिच्यातला तारीख सोडून बराचसा भाग खरा होता. माणसाने जे सांगितलं ते केलं, पण केव्हा करणार हे त्याचं त्यालाही तेव्हा नीट ठाऊक नसावं. या कलावंताच्या बाबतीत मी एक नेम करून टाकला आहे: तो 'काय' म्हणतो त्यावर विश्वास, 'केव्हा' म्हणतो त्यावर नाही. तुमचा आवडता गायक वेगळा असेल तर त्याच्या जुन्या नोंदी अशाच फोडून बघा. कुणाचा 'केव्हा' पक्का असतो आणि 'काय' बदलत जातो.

डेट स्लिप

जुलै 2016मध्ये त्याच्या संकेतस्थळावर एक चित्र आलं. ग्रंथालयातल्या पुस्तकाला चिकटवलेली डेट स्लिप, वर 'बॉइज डोन्ट क्राय', आणि खाली परतीच्या तारखांचे शिक्के. त्यात जुलै 2015 होता आणि जुलै 2016ही.

हे चित्र पाहून मला जे वाटलं ते सांगायलाच हवं, कारण रोज असे शिक्के मारणं हे माझं काम आहे. चाहते शेवटच्या तारखेकडे बघत होते, मी सगळ्या शिक्क्यांकडे. डेट स्लिपवर एकामागून एक तारखा असतात तेव्हा त्याचा अर्थ असा की वस्तू अस्तित्वात आहे, कुणाच्या तरी हातात आहे आणि तिची मुदत पुन्हापुन्हा वाढवली गेली आहे. ही शेवटची तारीख, यापुढे नाही, असं स्लिप कधीच सांगत नाही. खाली जागा उरलेली असते ती पुढच्या शिक्क्यासाठी. त्या चित्रात मला 'झालंय, पण अजून सोडवत नाही' एवढं दिसलं. म्हणून मी त्या दिवशी 'जुलैत येणार' असं लिहिलं नाही. 'काम झालेलं असावं, मुदतवाढीची कबुली' असं लिहिलं.

यातून सगळ्यांना वापरता येईल अशी गोष्ट एकच: चित्र, चिन्ह, मुखपृष्ठ समोर आलं की ती वस्तू रोजच्या वापरात काय काम करते ते आधी विचारा. लाकूडकामाचं चित्र असेल तर सुताराला विचारा, गाडीचं असेल तर मेकॅनिकला. आकडे जोडून तारीख काढण्याआधी वस्तूचा स्वभाव समजून घेतला तर अंदाज अधिक खोल जातो.

1 ऑगस्ट 2016ला त्याच्या संकेतस्थळावर सुरू झालेल्या थेट प्रक्षेपणाचंही असंच. गोदामासारखी जागा, कृष्णधवल चित्र, कामाची टेबलं, आणि मधूनमधून एक माणूस लाकूड कापतोय. तासन्‌तास काहीच घडत नव्हतं. तेव्हा अनेकांनी त्यात मंच पाहिला, पेट्या पाहिल्या, गुप्त खुणा पाहिल्या. चौथ्या रकान्यात फक्त दिसलं ते लिहायचं: माणूस, लाकूड, करवत, स्पीकर. 19 ऑगस्टला 'एंडलेस' आला तेव्हा कळलं की तो जिना बांधत होता आणि तोच पंचेचाळीस मिनिटांचा चित्रपट-अल्बम होता. ज्यांनी नुसतं पाहिलेलं लिहून ठेवलं होतं, त्यांच्या नोंदी सगळ्यात जवळ होत्या.

आणि दुसऱ्याच दिवशी 'ब्लोंड'. 'एंडलेस' डेफ जॅम या ध्वनिमुद्रण कंपनीसोबतच्या कराराखाली निघाला आणि तो करार पुरा झाला, 'ब्लोंड' त्याने स्वतंत्रपणे काढला आणि तो अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. हा व्यवहार आधी ओळखलेला चाहता माझ्या पाहण्यात नाही. तेव्हापासून मी वहीत करारांसाठी वेगळं पान ठेवते. कलावंत कुणाशी बांधलेला आहे, किती अल्बमसाठी, आणि मोकळा कधी झाला, हे कळलं तर पुष्कळ शांतता उलगडते. 'ब्लोंड'नंतर त्याच्या डोक्यावर मुदतीची टांगती तलवार धरणारी मोठी कंपनीच नाही. मग उशीर का, हा प्रश्न कंपनीला विचारण्यात अर्थ उरत नाही.

बनावट गाणं हातात आलं तर

इथे सावध राहा, कारण इथे पैसे जातात. 2023मध्ये एका इसमाने कृत्रिम बुद्धिमत्तेने फ्रँक ओशनचा आवाज उठवून गाणी तयार केली आणि 'फुटलेली', म्हणजे प्रसिद्ध होण्याआधीच बाहेर आलेली, गाणी म्हणून चाहत्यांना विकली. त्यातून त्याने सुमारे 13,000 कॅनेडियन डॉलर मिळवल्याच्या बातम्या आल्या. विकत घेणारे अडाणी नव्हते. वर्षानुवर्षं गायकाचा प्रत्येक श्वास ऐकलेले लोक होते. तहान मोठी असली की कान साथ देत नाही.

म्हणून न प्रसिद्ध झालेलं गाणं विकत घेऊच नका. खरं असेल तर ते चोरीचं आहे, आणि खोटं असेल तर फसवणुकीचं. दोन्हींत गायकाला काही मिळत नाही.

गाणी ऐकवणाऱ्या अधिकृत ऑनलाइन सेवेवर गाणं दिसलं तरी तपासा. मार्च 2019मध्ये 'फेंटी फँटेशिया' या नावाने रिहानाच्या आवाजातला एक अख्खा अल्बम सेवांवर चढला होता. तो तिने काढलेला नव्हता, कुणी तरी परस्पर चढवला होता. तर अल्बमच्या पानावर अगदी तळाशी जा. वर्तुळातला पी आणि त्यापुढे वर्ष व मालकाचं नाव असतं. 'ब्लोंड'खाली 'बॉइज डोन्ट क्राय' आहे. नव्या गाण्याखाली अनोळखी नाव असेल तर तिथेच थांबा.

त्याहून पुढे जायचं असेल तर आयएसआरसी पाहा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा चिन्हांचा हा क्रमांक मिळतो. पहिली पाच चिन्हं क्रमांक देणाऱ्या नोंदणीदाराची, पुढचे दोन अंक वर्षाचे, उरलेले पाच त्या मुद्रणाचे. वर्षाचे दोन अंक क्रमांक केव्हा दिला ते सांगतात, गाणं केव्हा गायलं ते नाही. आमच्याकडेही 1962चं पुस्तक देणगीत आलं तर त्याला या वर्षीचा दाखल क्रमांक पडतो, तसंच ते. फ्रँक ओशनच्या जुन्या सुट्या गाण्यांचे क्रमांक वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवा, म्हणजे नवा क्रमांक त्याच घरातला आहे का ते ताडता येतं.

अमेरिकेतल्या आस्कॅप आणि बीएमआय या गीतकार-संगीतकारांच्या संस्थांच्या याद्याही कुणालाही फुकट पाहता येतात. तिथे नवं शीर्षक दिसलं की चाहते नाचतात. नोंद जरूर करा, पण शेऱ्यात लिहा: 'नोंदणी म्हणजे मालकीची नोंद, प्रकाशनाची नाही.' कित्येक गाणी नोंदली जातात आणि कायम कपाटात राहतात.

पैसे भरून केलेली मागणीसुद्धा पुरावा म्हणून कच्ची. 2019च्या अखेरीस त्याच्या दुकानावर 'लिटिल डीमन' या गाण्याची तबकडी विक्रीला होती, लोकांनी पैसे भरले, आणि ती तबकडी कधी आली नाही.

वर्षगाठी आणि शुक्रवार

10 जुलै 2015पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पडला. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी वावड्यांना ऊत येतो. पण 'ब्लोंड' आला तो दिवस शनिवार होता. दर वर्षी 10 जुलै आणि 20 ऑगस्टच्या आसपासही लाट येते, कारण त्या 'चॅनल ऑरेंज' आणि 'ब्लोंड'च्या वर्षगाठी. या दोन आठवड्यांत मी पेन्सिलच हातात घेते.

'इतका उशीर म्हणजे आता येणारच नाही' ही सुद्धा वावडीच, आणि तिलाही पुरावा लागतो. गायिका केट बुशने 1993नंतर पुढचा अल्बम 2005मध्ये दिला. शाडेचे दोन अल्बम 2000 आणि 2010चे. डीअँजेलोचा जानेवारी 2000नंतरचा अल्बम डिसेंबर 2014मध्ये आला, आणि काय अल्बम होता तो! या तिघांनीही मधल्या काळात लोकांना समजावत बसण्याची तसदी घेतली नाही. फ्रँक ओशनने मात्र अधूनमधून एखादं वाक्य दिलं आहे. नोव्हेंबर 2017मध्ये त्याने लिहिलं की तिशीच्या आत अल्बम केला, फक्त बाहेर काढला नाही. एप्रिल 2023मध्ये अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवाच्या मंचावरून तो म्हणाला की मी इथे नव्या अल्बममुळे आलेलो नाही, आणि लगेच पुढे असंही सुचवलं की नवा अल्बम नाही असंही नाही. ही दोन्ही वाक्यं माझ्या वहीत शाईने आहेत. 'काय'च्या बाजूची आहेत ती.

वहीत काय चढवायचं नाही

ऑगस्ट 2020मध्ये त्याचा धाकटा भाऊ मोटार अपघातात गेला, अठराव्या वर्षी. कोचेलाच्या मंचावर तो याच भावासोबतच्या आठवणी सांगत होता. त्या दुःखातून अल्बमची तारीख काढणारे अंदाज मी नोंदवत नाही, चर्चेतही घेत नाही. त्याच्या घरच्यांची छायाचित्रं, तो कुणाबरोबर दिसला, त्याची तब्येत, यांच्यासाठी वहीत रकाना नाही. विद्यार्थ्यांनाही मी हे स्पष्ट सांगते आणि ते ऐकतात. त्याच्याबद्दल जे कळायला हवं ते गाण्यांत, मासिकात आणि 2017पासूनच्या त्याच्या 'ब्लोंडेड' या रेडिओ कार्यक्रमात भरपूर आहे. अंदाजच बांधायचे तर तिथून बांधा: तो हल्ली कोणाची गाणी लावतो, कोणत्या वाद्यावर रेंगाळतो, ढोल किती कमी करतो. 'ब्लोंड'मध्ये तालवाद्यं किती विरळ आहेत ते नीट ऐकलं असेल, तर 2019ची 'डीएचएल' आणि 2020ची 'डिअर एप्रिल' पाठोपाठ लावून बघा. तो एकाच वेळी दोन दिशांना ओढला जातोय असं मला ऐकू येतं, आणि पुढचा अल्बम 'डिअर एप्रिल'च्या दिशेचा असेल, गिटार आणि आवाज पुढे असलेला, अशी माझी पैज आहे. ही पैज वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसकट आहे. तुमचीही लिहा आणि खाली सही करा.

तो दिवस

वेळेचं गणित आधीच लिहून ठेवा. न्यूयॉर्कच्या मध्यरात्री आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजतात, हिवाळ्यात साडेदहा. लॉस एंजेलिसच्या मध्यरात्री अनुक्रमे दुपारचे साडेबारा आणि दीड. सेवा कोणती हेही बघा. 2016मध्ये 'ब्लोंड' सुरुवातीला फक्त अ‍ॅपलवर होता आणि स्पॉटिफाय भारतात आलंच फेब्रुवारी 2019मध्ये. तेव्हा मी महिना 120 रुपये भरून अ‍ॅपल म्युझिक घेतलं ते एवढ्यासाठीच, आणि ते पैसे मला आजही सार्थकी लागलेले वाटतात.

अल्बम आला की आधी सलग ऐका, वही मिटलेली ठेवून. दुसऱ्यांदा ऐकताना गाण्यांची यादी क्रमाने उतरवा, तळाची पीची ओळ उतरवा, श्रेयनामावली उतरवा. सीडी किंवा तबकडी निघाली तर तिची यादी वेगळ्या पानावर लिहा आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून ताडा. त्याच्या बाबतीत ती सारखी निघतीलच असं नाही. मग मागे जाऊन पाचवा रकाना भरायला घ्या, सगळ्यात जुन्या नोंदीपासून. पेन्सिलीतली एखादी ओळ खरी निघाली तर ती शाईने गिरवा आणि ज्याने ती सांगितली होती त्याला फोन करून कळवा.